स्मरणचित्रावर फिरलेला हात

शाळेत माझ्या विषयाला दोन नावं होती. वेळापत्रकात ‘चित्रकला’ आणि मुलांच्या तोंडी ‘ऑफ’. गणिताचे सर रजेवर असले की ऑफ, शाळेत पाणी आलं नाही की ऑफ, आणि बुधवारी चौथ्या तासाला शेवाळे सर, म्हणजे मी, खडूचा डबा घेऊन वर्गात शिरलो की तोही ऑफच. भोसरीच्या एका शाळेत बत्तीस वर्षं मी हा ऑफ इमानेइतबारे घेतला.

ड्रॉइंगचा मास्तर नेमकं काय करतो, असा बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो. तर तो ड्रॉइंग सोडून सगळं करतो. प्रमाणपत्रांवर नावं घालतो, गणपतीची आरास करतो, पंधरा ऑगस्टचा फळा रंगवतो, आणि मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नात रुखवतासाठी थर्माकोलची अक्षरं कापतो. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या सत्काराचा फलकही मीच लिहिला. घाईत ‘सेवानिवृत्ती’तला एक ‘त’ राहून गेला. त्या समारंभाच्या सगळ्या फोटोंत मी हार घालून त्या चुकीच्या खाली हसत उभा आहे.

पण एका बाबतीत आमच्या पंचक्रोशीत माझं नाव होतं, ते म्हणजे स्मरणचित्र. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी ड्रॉइंग परीक्षांना बसलेल्यांना हा शब्द ठाऊक असेल. इतरांसाठी सांगतो. परीक्षेत एक विषय देतात, उदाहरणार्थ ‘भाजी मंडई’ किंवा ‘बस स्टँड’, आणि मुलानं तो प्रसंग डोळ्यांपुढे आणून, आठवून, माणसांसकट काढायचा असतो. आता तेरा वर्षांच्या पोराला परीक्षेच्या हॉलमध्ये काय आठवणार? म्हणून मी एक फॉर्म्युला बसवला होता. पुढे दोन माणसं मोठी, त्यांतलं एक पाठमोरं. मागे तीन लहान. एका बाजूला झाड, म्हणजे आभाळ कमी रंगवावं लागतं. डाव्या कोपऱ्यात कुत्रं, कारण तिथं जागा उरते. मंडई असेल तर बाईच्या डोक्यावर पाटी द्यायची, स्टँड असेल तर पुरुषाच्या हातात पिशवी. बाकी चित्र तेच. माझी पोरं धडाधड ए ग्रेड आणत. स्मरणचित्रात कुणी काही आठवायची गरजच मी ठेवली नव्हती, आणि याचा मला फार अभिमान होता.

निवृत्तीनंतर मी रावेतला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. तिथं सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं लिहायचं काम दिलं, ते चार दिवसांत संपलं. अशा वेळी मेधाताईंचा फोन आला. मेधाताई म्हणजे कामगार वस्त्यांतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या प्रमुख. त्या म्हणाल्या, “सर, जर्मनीतून बारा मुलंमुली येणार आहेत, सतरा ते वीस वयाची. आपली पण बारा. दहा दिवस एकत्र चित्रं काढायची. विषय आहे स्थलांतर आणि आपल्या घराचा इतिहास. तुमच्याच शाळेचा हॉल मिळालाय. तुम्ही याल ना?”

मी विचारलं, “शिकवायला?”

“नाही, मदतीला,” त्या म्हणाल्या. हा फरक मी तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखा केला.

योजना अशी होती. दहाव्या दिवशी प्रदर्शन, त्याला पालकांनी यायचं. मग उन्हाळ्यात आपल्या मुलांनी तिकडे जायचं, पण अटी दोन. चित्र मुलाचं स्वतःचं, त्याच्या घरातल्या खऱ्या गोष्टीवरचं हवं, आणि संमतीपत्रावर आईबापाची सही हवी. अकरा जणांच्या सह्या पहिल्याच आठवड्यात आल्या. राहिली होती फक्त कोमलची. कोमल माझी जुनी विद्यार्थिनी, त्या वेळी बारावीत. दहावीपर्यंत भोसरीत राहायची, मग वडिलांना एका गोदामाच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी लागली म्हणून घर कुरुळीला गेलं. तिथून दोन गाड्या बदलून ती रोज येत होती. वडील म्हणाले होते, “आधी बघतो काय काढायलीस, मग सही.” बारा जणांत तिचा हात सगळ्यांत चांगला होता, आणि ती जाणार की नाही हे त्या सहीवर अडलं होतं.

स्वागताचा फलक अर्थातच माझ्याकडे आला. जर्मन स्पेलिंगची खात्री नव्हती, म्हणून मी ‘विल्कोमेन’ देवनागरीत लिहिलं. पाहुण्यांनी त्याच्यासमोर उभं राहून उत्साहानं फोटो काढले. काय लिहिलंय ते त्यांतल्या एकालाही कळलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मेधाताईंनी विषय दिला, ‘आमचं कुटुंब इथं कसं आलं’. दीड तास. जर्मन मुलं खिडकीबाहेर बघत, पेन्सिल चावत बसली. आमची बारा पोरं विषय ऐकताच खाली वाकली ती थेट रंगवायलाच लागली. त्यांतली नऊ माझ्या हाताखालून गेलेली, बाकीच्या तिघांनी शेजारी बघितलं. तासाभरात बारा चित्रं तयार. मी छाती काढून ती भिंतीला लावली.

पाहुण्यांत एलिफ नावाची मुलगी होती. तिचे आजोबा तुर्कस्तानातून जर्मनीत कारखान्यात कामाला आलेले. ती पहिल्या चित्रापाशी थांबली, मग दुसऱ्या, तिसऱ्या, असं करत बाराव्यापर्यंत गेली आणि परत आली. मग तिनं मला इंग्रजीत विचारलं की हे सगळे एकाच बसनं आले का?

मी बघितलं. बारा चित्रांत बारा एसटी स्टँड. पुढे दोन माणसं, एक पाठमोरं. मागे तीन. झाड. माझं इंग्रजी ‘कीप सायलेन्स’ आणि ‘गेट आउट’ यांच्या पलीकडे कधी गेलेलं नाही, पण तेवढ्यात जे सुचलं ते म्हणालो, “येस. स्टेट ट्रान्सपोर्ट.”

“आणि कुत्रंही तेच?” तिनं विचारलं. ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच वाटलं की इथल्या लोकांत कुत्र्याला काही अर्थ असणार. तिनं वहीत लिहूनही घेतलं.

त्या दिवशी चहाच्या वेळी मेधाताईंनी मला बाजूला घेतलं. “सर, रागावू नका. पण उद्यापासून तुम्ही काही शिकवायचं नाही. फक्त पाणी, रंग, कागद. आणि थोडं भाषांतर.” बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर माझी बदली पाण्याच्या बादलीवर झाली.

भाषांतरातही मी दिवे लावलेच. पाहुण्यांपैकी कुणी विचारी, तुझं होम कुठं? मी ते मराठीत करी, “तुझं गाव कोणतं?” आता आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये हा प्रश्न विचारला की माणूस राहतो ते गाव कधीच सांगत नाही. ज्याचा जन्म भोसरीत, शाळा भोसरीत, तो पोरगा सांगे, “बुलढाणा.” मग प्रश्न येई, तिथून कधी निघालास? “मी तिथं राहिलोच नाही कधी.” तीन दिवस पाहुण्यांना वाटत होतं की ही पोरं काहीतरी लपवतायत. शेवटी एलिफच म्हणाली की आमच्याकडेही असंच आहे, मी एका तुर्की गावाची आहे आणि तिथं दोनदाच गेलेय. तेव्हा कुठं हे सगळ्यांना समजलं. त्यात माझा वाटा काही नव्हता.

मुलांना सांगितलं की घरी जा, विचारा आणि खरं असेल ते काढा. चऱ्होलीच्या सोहमची वेगळीच पंचाईत. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या चऱ्होलीतच. स्थलांतरच नाही तर काढणार काय? त्यानं आजोबांनाच हॉलवर आणलं. टोपी सारखी करत म्हातारबाबा खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “आमी कुटं गेलो न्हाई बाबा. आमी हाय तितंच हाय. गावच आमाला सोडून गेलं. सकाळी उटून बगावं तर समोर धा मजले. आता आमच्याच आळीत मला लोक इचारत्यात, काका, कुठल्या गावचे?” मी याचं भाषांतर केलं नाही, मेधाताईंनी केलं. जर्मन मुलांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांना वाटलं सत्कार झाला, ते उठून नमस्कार करायला लागले.

कोमल मात्र काही सांगत नव्हती. चार दिवस ती कोपऱ्यात तोंड खाली घालून रंगवत होती. पाण्याची बादली बदलायच्या निमित्तानं मी दोनदा तिच्या मागे जाऊन उभा राहिलो, तर तिनं वही कागदावर आडवी ठेवली. आठव्या दिवशी चित्र झालं. ते टेबलावर वाळत ठेवून ती घरी गेली.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट कबूल करायला हवी. तिला आम्ही ‘हात फिरवणं’ म्हणतो. स्पर्धेला चित्रं पाठवायच्या आदल्या दिवशी ड्रॉइंगचा मास्तर दार लावून बसतो आणि मुलांच्या चित्रांवरून हात फिरवतो. कुठं नाक सरळ कर, कुठं सावली दे, कुठं मान बसव. सगळे करतात. बक्षीस मिळवणाऱ्या बालचित्रकारांतले निम्मे पन्नाशीचे असतात. यात पाप आहे असं मला कधी वाटलं नाही. पोराच्या शर्टाची कॉलर आपण सारखी करतो, तितकंच.

त्या दुपारी मेधाताई पाहुण्यांना घेऊन बाहेर गेल्या होत्या. हॉलमध्ये मी एकटा आणि बारा चित्रं. मी स्वतःला बजावलं होतं की हात लावायचा नाही. साधारण वीस मिनिटं मी ते पाळलं. मग सोहमच्या इमारतीच्या खिडक्या ओळीत आणल्या. मग आणखी एकाची क्षितिजरेषा. मग कोमलच्या चित्रापाशी आलो.

चित्र बघून मी खाली बसलो, इतकं ते चांगलं होतं. एक खोली. जमिनीवर जेवायला बसलेलं कुटुंब. आई ताटाकडे बघतेय, धाकटा भाऊ टीव्हीकडे. वडील समोर, मान खाली, भाताचा घास उचलतायत. आणि एक छोटी मुलगी, तेवढीच काय ती वडिलांकडे बघतेय. वडिलांचा उजवा हात अगदी पुढे, मोठा. सगळ्या चित्राचं लक्ष त्या हातावर आणि नेमका तोच हात अर्धवट. अंगठा होता, शेवटची दोन बोटं होती. मधे नुसता गोलसर डाग.

मला त्या पोरीची दया आली. हात काढणं हे सगळ्यांत अवघड. मुलं हाताला घाबरतात आणि काढायची वेळ आली की कच खातात. मला वाटलं, इथवर आली आणि शेवटी हिचा धीर सुटला. मी ब्रश धुतला. रंग तिनं मिसळलेला ताटलीत होताच. तर्जनी काढली, मधलं बोट काढलं. पेरं दाखवली, नखावर उजेड दिला, घासाभोवती बोटं अशी वळवली की भाताचं शीत न्‌ शीत धरलेलं दिसावं. खोटं कशाला बोलू, माझ्या उभ्या आयुष्यात इतका चांगला हात मी काढला नव्हता. मग मी कँटीनवर जाऊन एक स्पेशल चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोमल आली, तिनं दप्तर ठेवलं आणि टेबलापाशी गेली. मी मुद्दाम जवळच घुटमळत होतो. मला वाटलं आता थँक्यू सर येणार. तिनं चित्र उजेडाकडे वळवलं. मग तिनं विचारलं, “सर, ही बोटं कुणाची आहेत?”

मी हसून म्हणालो, “अगं, हाताचीच. तुझी राहिली होती ती.”

“पप्पांना नाहीयेत,” ती म्हणाली.

तिच्या वडिलांचं नाव अंगद. लातूरकडून इथं आले ते प्रेस शॉपमध्ये लागले. प्रेस शॉप म्हणजे जिथं पत्र्याला आकार देतात. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, पेडल दाबायचं, वरून ठोका पडतो, तुकडा काढायचा, पुढचा ठेवायचा. शिफ्टभर हेच. हात आत असताना ठोका पडू नये म्हणून सोय असते, पण सोयीनं काम हळू होतं, म्हणून काही ठिकाणी ती सोय बंद करून ठेवतात. भोसरी ते चाकण या पट्ट्यात अशी बोटं गेलेली माणसं किती असतील कोण जाणे. मी बत्तीस वर्षं त्यांच्याच पोरांना शिकवलं. अंगदराव पालकसभेला यायचे तेव्हा उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला असायचा. सहा वर्षं मी तो रुमाल बघितला आणि समजत होतो की गृहस्थाला घाम फार येतो. निरीक्षण हा चित्रकलेचा पाया आहे, हे वाक्य मी दर वर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहीत असे.

कोमल रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. हळूहळू तिनं सांगितलं. ती चार वर्षांची असताना हे झालं. घरात त्याबद्दल बोलत नाहीत. जेवताना पप्पांच्या हाताकडे कुणी बघायचं नाही, असं कुणी सांगितलेलं नाही, पण कुणी बघत नाही. वरण सांडलं तर आई न बोलता पुसते. गावाला पप्पा तेव्हापासून गेलेले नाहीत. आई आणि मुलं जातात, पप्पांना सुट्टी मिळत नाही. “सुट्टी असते सर. गावात बहुतेक सगळ्यांना कळलेलंही असेल. पण पप्पांनी स्वतः दाखवलेलं नाही ना. आजी विचारते, अंगद का येत नाही. मेधाताईंनी इतिहास काढा म्हटलं. आमचा इतिहास एवढाच आहे. इथं कसे आलो ते नाही, परत का जात नाही ते.”

“मग त्यांना न विचारता तू हे…”

“विचारणार कसं? म्हणून तर काढलं. मला त्यांना सांगायचं होतं की मी बघते.”

मी म्हटलं, पोस्टर कलर आहे, वरून दुसरा रंग देता येईल, आत्ता नीट करतो. तिनं कागद माझ्याकडून ओढून घेतला नाही, नुसता हात मधे धरला. “नको सर. आता ते माझं नाहीये.” मी काढलेल्या बोटांवर आणखी रंग चढवून पुन्हा तीन बोटं करायची तिची तयारी नव्हती. नवीन काढायला वेळ नव्हता. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, आणि अंगदराव नाइट शिफ्ट संपवून थेट तिथं येणार होते. मी मेधाताईंना सगळं सांगितलं. त्यांनी कोमललाच विचारलं, लावायचं का? ती म्हणाली, “लावा. काहीच नसेल तर पप्पा आल्या पावली परत जातील.”

प्रदर्शनाला अंगदराव आले ते सिक्युरिटीच्या निळ्या शर्टात, बाह्या मनगटापर्यंत, उजव्या हाताला रुमाल. मी पुढे होऊन नमस्कार केला. त्यांनी डावा हात छातीशी नेला. कोमल त्यांना चित्रापाशी घेऊन गेली आणि जरा मागे उभी राहिली. मी तिच्याही मागे होतो. रात्रभर मी ठरवलं होतं की ते आत यायच्या आधीच, दारातच सांगून टाकायचं. दारात मी ‘चहा घेणार का?’ एवढंच विचारलं होतं.

ते चित्रापुढे उभे राहिले. आधी खोली ओळखली, टीव्ही ओळखला, बायको ओळखली. “ही तुझी मायच की,” म्हणाले. मग नजर हातावर आली आणि तिथंच राहिली. बोलले ते आवाज एकदम खाली आणून.

“सर, ही तवा चार वर्साची होती. मला वाटलं हिला काय आठवंल. माझा हात असाच होता बगा. अगदी असाच. हिच्या ध्यानात हाय म्हंजी.”

मी बत्तीस वर्षांत ऐकलेली ही सगळ्यांत मोठी दाद, आणि ती माझ्या दोन बोटांना होती. गप्प बसलो तर माणूस सुखात होता. लेकीला आपला धड हात आठवतो, एवढं घेऊन तो घरी जाणार होता. सही होणार होती. कोमल जर्मनीला जाणार होती. नुसतं तोंड बंद ठेवायचं, आणि मला ते चांगलं जमतं. मी कोमलकडे बघितलं. ती वडिलांकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती ‘हो’ म्हणायच्या तयारीत होती. माझं खोटं ती स्वतःच्या अंगावर घ्यायला निघाली होती.

तेव्हा मी म्हणालो, “अंगदराव, ती दोन बोटं मी काढलीत. तिनं तीनच काढली होती. मला वाटलं चुकलंय, म्हणून मी… नीट केलं.”

‘नीट केलं’ हे शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की काय बोललो. ते माझ्याकडे वळले. त्यांनी मला मारलं असतं तरी मी मागे सरलो नसतो, असं मला आत्ता लिहिताना वाटतं. तेव्हा मी एक पाऊल मागे सरलो होतो. पण माझ्याशी त्यांचं काही कामच नव्हतं. ते लेकीशी बोलायला लागले.

“तीनच काढलीस?”

“हो पप्पा.”

“कोणची?”

कोमलनं स्वतःचा उजवा हात वर धरला. मग म्हणाली, “अंगठा. करंगळी. आणि तिच्या शेजारचं. त्याचं वरचं पेर जरा वाकडं आहे, नखाकडून आत वळलंय. ते पण काढलं होतं मी.”

अंगदरावांनी रुमाल सोडला आणि हात समोर धरून स्वतः बघितलं. नीट, उलटापालटा करून. मीही बघितलं, पहिल्यांदाच. करंगळीशेजारचं बोट खरंच वरून आत वळलेलं होतं.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “हे वाकडं झालंय ते तुज्या आईलाबी ठाऊक नसंल. कवा बगितलंस?”

“रोज बघते.”

“रोज?”

“जेवताना.”

त्यांनी रुमालाची घडी केली आणि ती खिशात ठेवली. आजूबाजूला पालक होते, पाहुणी मुलं होती, एलिफ दोन हातांच्या अंतरावर उभी होती. कुणाला काही कळलं नसेल. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला मी भिंतीवरची एक सरळच असलेली फ्रेम सरळ करत होतो. मेधाताई संमतीपत्र घेऊन आल्या. अंगदरावांनी पेन अंगठ्यात आणि वाकड्या बोटात धरलं आणि सही केली. अक्षर चांगलं होतं. प्रमाणपत्रांवर नावं लिहिणारा माणूस आहे मी, मला अक्षरातलं कळतं.

कोमल म्हणाली, “सर, पण चित्र?” अट आठवतच होती, चित्र मुलाचं स्वतःचं हवं. मेधाताई म्हणाल्या, चित्रं पंधरा दिवसांनी कुरियरनं जायची आहेत, तू दुसरं काढ. पाण्याची बादली भरायला मी केव्हाही तयार होतो.

निघताना अंगदराव दारापर्यंत गेले आणि परत आले. मला वाटलं आता माझी पाळी. पण ते कोमलपाशीच थांबले.

“दोन काढ,” ते म्हणाले. “एक तिकडं जर्मनीला दे. एक मला पायजे. तसलंच, तीनाचं. गावाकडं घेऊन जायचंय, मायला दावायला.”

“आजी रडेल पप्पा.”

“रडू दे. मी असंन की तिच्यापाशी.”